उन्हाळ्याच्या चार ओळी रोज छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या शहर पानावर रोज कमाल-किमान तापमान, आर्द्रता, भरती-ओहोटीच्या वेळा आणि सूर्योदय-सूर्यास्त छापून येतो. चैत्र, वैशाख आणि ज्येष्ठ या तीन महिन्यांत त्याच चौकटीखाली आणखी चार ओळी छापाव्यात, ही विनंती करायला हे पत्र लिहितो आहे. शहरात आज कुठलं झाड कुठे फुललं आहे, बाजारात कुठलं फळ आलं आहे, ओहोटीला किनारा किती वाजता उघडा पडेल, आणि बसच्या तिकिटात संध्याकाळी मुलांना घेऊन कुठे जाता येईल. चार ओळींना जागा फारशी लागत नाही.

हे सुचवण्यामागचं कारण असं. एप्रिल लागला की वृत्तपत्रांत उन्हाळा दोन ठिकाणी दिसतो. पहिल्या पानावर पारा चढल्याची बातमी असते आणि पुरवणीत महाबळेश्वर, मनाली, काश्मीर, नाहीतर थेट परदेश. दोन्ही वाचायला हवं, त्याबद्दल तक्रार नाही. पण परळ, लालबाग, काळाचौकी, नायगाव, वडाळा, शीव इथली पुष्कळ माणसं अख्खा मे महिना शहरातच असतात. त्यांच्या वाट्याला छापील कागदावर फक्त पारा येतो. त्यांच्या मुलांना वर्तमानपत्र सांगतं की बाहेर पडू नका, पाणी प्या. हे योग्यच आहे. मात्र ऊन कलल्यावर बाहेर पडून काय बघायचं, हे त्यांना कोणी सांगत नाही.

गिरणगावात मे महिना म्हणजे चाळी रिकाम्या होण्याचा महिना. कोकणातली बिऱ्हाडं पूर्वी एसटीने जायची, १९९८ पासून कोकण रेल्वेने जाऊ लागली. परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवशी बोचकी बांधलेली असत. माझे वडील जावळी खोऱ्यातून इथे गिरणीत आले. कोयनेचं धरण झालं आणि आमचं घर आणि भातखाचरं शिवसागर जलाशयात गेली. आईचं माहेर त्याच खोऱ्यातलं, तेही गेलं. त्यामुळे मजल्यावरची पोरं गावाला निघाली की आम्ही भावंडं गॅलरीत उभी राहून त्यांना हात करायचो. अशी घरं तेव्हा थोडी होती, आता पुष्कळ आहेत. कोणाचं गाव उरलं नाही, कोणाला सलग चार दिवस रजा मिळत नाही, कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कोणाची टॅक्सी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाची कमाई नाही. त्या घरांतल्या मुलांनाही सुट्टी असते. ती चांगली जावी, एवढी माझी तळमळ आहे.

आमच्या वडिलांनी त्यावर स्वतःपुरता मार्ग काढला होता. पहिली पाळी सुटली की चहा घेऊन ते आम्हाला चालत राणीबागेत न्यायचे. प्राणी पाहून झाले की झाडांकडे. वडिलांना शाळा चौथीपर्यंतची, पण खोऱ्यात वाढलेला माणूस, त्यांना झाड पानावरून ओळखता यायचं. राणीबागेत मात्र परदेशातून आणलेली झाडं पुष्कळ, तिथे त्यांचंही काही चालायचं नाही, मग ते माळ्याला विचारायचे. ही बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. प्राण्यांच्या आधी ती झाडांची बाग होती, हे आजही तिथे गेल्यावर कळतं. गोरखचिंचेचा बुंधा चार माणसांच्या कवेत मावत नाही. कैलासपतीची फुलं फांदीच्या टोकाला न येता खोडावरच लगडतात आणि त्यांचा वास दहा पावलांवरून येतो. ब्रह्मदेशातून आलेली उर्वशी उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलते, तिचे तांबडे झुबके खाली लोंबत असतात. घारापुरीला ज्याच्यामुळे एलिफंटा हे नाव पडलं तो दगडी हत्ती इथेच, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या शेजारी उभा आहे. फोर्टातल्या चौकाला ज्याने काळा घोडा हे नाव दिलं, तो मूळ घोडाही १९६५ पासून याच आवारात आहे. पेंग्विन बघायला रांग लागते ती लागू दे, मुलांना ते आवडतात. पण रांगेतून बाहेर आल्यावर या झाडांखाली अर्धा तास बसावं. बाग बुधवारी बंद असते. ही एवढी ओळ जरी मंगळवारच्या अंकात छापलीत तरी कितीतरी कुटुंबांची खेप वाचेल, कारण फाटकापर्यंत येऊन मुलांना रडत परत नेणारे आईबाप मी बसमधून दर उन्हाळ्यात पाहिले आहेत.

बसमधून म्हणतो, कारण मी पुढे बेस्टमध्ये वाहक झालो आणि सेवानिवृत्त होईपर्यंत बहुतेक काळ डॉ. आंबेडकर मार्गावरच्या गाड्यांवर काढला. शीवचा राणी लक्ष्मीबाई चौक, माहेश्वरी उद्यान, खोदादाद सर्कल, हिंदमाता, भारतमाता, लालबाग, चिंचपोकळी, राणीबाग, भायखळा. दुमजली गाडीच्या वरच्या मजल्यावर ड्यूटी लागली की मला आनंद व्हायचा. खालून झाडाचं खोड दिसतं. वरच्या मजल्यावरून झाडाच्या माथ्यावरचा बहर डोळ्यांसमोर येतो. सोनमोहराची पिवळी कणसं काचेला घासून जायची. गुलमोहराच्या पाकळ्या उघड्या खिडकीतून आत यायच्या, आणि रात्री आगारात गाडी झाडताना तिकिटांच्या कचऱ्यात त्या तांबड्या पाकळ्या निघायच्या. पुढच्या खिडकीजवळची बाकडी मुलं कधी सोडायची नाहीत. सुट्टीत काही आजोबा नातवंडांना घेऊन मुद्दाम शेवटच्या थांब्यापर्यंतचं तिकीट काढायचे, तिथून पुन्हा परतीचं. त्यांना कुठेही उतरायचं नसायचं. माझ्या मते मुंबईतली ती सगळ्यात चांगली सहल होती.

दुमजली गाड्या मुंबईत १९३७ साली आल्या. डिझेलवरची शेवटची जुनी दुमजली १५ सप्टेंबर २०२३ रोजी रस्त्यावरून गेली. त्याच वर्षी फेब्रुवारीत विजेवरच्या वातानुकूलित दुमजली गाड्या सुरू झाल्या होत्या. त्यांच्या खिडक्या बंद असतात, पाकळ्या आत येत नाहीत, पण वरच्या मजल्यावरची ती पुढची बाकडी आजही आहेत आणि दक्षिण मुंबईत त्यांच्यात बसता येतं. मे २०२५ मध्ये भाडेवाढ झाल्यापासून साध्या बसचं किमान तिकीट १० रुपये आणि वातानुकूलितचं १२ रुपये आहे. चार माणसांचं कुटुंब किमान भाड्याच्या टप्प्यात जाऊन येतं तेव्हा शंभराच्या आत काम होतं. या पत्रात मी ज्या जागा सांगतो त्या सगळ्या बसच्या तिकिटात बसणाऱ्या आहेत.

आता झाडांविषयी थोडं सविस्तर लिहितो, कारण माझी मुख्य मागणी त्यांच्याच ओळीची आहे. मुंबईचा उन्हाळा हा फुलांचा हंगाम आहे. आपण पावसाळ्यात हिरवाईचं कौतुक करतो आणि फुलं म्हटली की हिवाळ्यातल्या कुंड्या आठवतात, पण रस्त्यावरची मोठी झाडं फुलतात ती मार्च ते जूनमध्ये. आधी पळस, पांगारा, काटेसावर यांचा बहर ओसरतो. मग करंज नव्या पोपटी पानांनी भरतो. एप्रिलमध्ये शिवाजी पार्कच्या कठड्याभोवतीच्या पर्जन्यवृक्षांवर गुलाबी रेशमी गोंडे येतात, संध्याकाळी कठड्यावर बसणाऱ्यांच्या खांद्यावर ते पडतात. त्याच सुमारास बहावा. बहाव्याचं झाड वर्षभर कोणाच्या लक्षात येत नाही, काळ्या लांब शेंगा लोंबत असतात एवढंच. आठवड्याभरात ते झाड पान न पान झाकून पिवळं होतं. जुनी माणसं म्हणायची की बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस. हवामानशास्त्र यावर काय म्हणेल ते म्हणो, आमच्या मजल्यावर बहावा फुलल्याची बातमी आली की बायका वाळवणं उरकायला घ्यायच्या.

आणि तामण. तामण हे महाराष्ट्राचं राज्यफूल आहे. शाळेच्या पुस्तकात मुलं ते पाठ करतात, प्रश्नमंजूषेत उत्तर देतात. मी माझ्या नातीच्या वर्गमैत्रिणींना विचारलं, तामण कोणी पाहिलं आहे का? सातवीतल्या त्या सगळ्या हुशार मुली. एकीनेही पाहिलं नव्हतं. आणि त्यांच्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर तामण फुललेला होता, जांभळ्या झालरीच्या पाकळ्यांचे तुरे फांदीफांदीच्या टोकाला. त्या रोज त्याच्याखालून जात होत्या. मुलींची यात काही चूक नाही, त्यांना कोणी दाखवलाच नव्हता. एका संध्याकाळी मी त्यांना तिथे घेऊन गेलो. त्यातल्या एकीने पाकळी हातात घेतली आणि म्हणाली, आजोबा, ही इस्त्री न केलेल्या ओढणीसारखी आहे. पाकळीच्या चुरगळलेल्या कडांना याहून नेमका शब्द मला सुचला नसता. त्या दिवसापासून त्या पाच जणी आपापसात तामण शोधतात आणि कुठे सापडला की मला फोन येतो.

मला हेच हवं आहे. वृत्तपत्राने एक ओळ छापावी: "अमुक रस्त्यावर, अमुक बस थांब्यासमोर तामण फुलला आहे." ज्याला जायचं तो जाईल. सातारकरांनी हे फार आधी ओळखलं. तिथे दरवर्षी १ मे रोजी गुलमोहर दिन साजरा होतो. लोक गुलमोहराखाली जमतात, चित्रं काढतात, गाणी म्हणतात, कविता वाचतात. एका झाडाच्या फुलण्यासाठी गावाने एक दिवस राखून ठेवला आहे. आमचं मूळ त्या जिल्ह्यातलं म्हणून मला त्याचा अभिमान वाटतो, आणि एवढ्या मोठ्या मुंबईत तामणासाठी तसा दिवस असावा असंही वाटतं.

दुसरी ओळ फळांची. यात सांगण्यासारखं आपल्या वाचकांना सगळं ठाऊक असतं, तरी वेळेची माहिती उपयोगी पडते. हापूसच्या भावाची बातमी तुम्ही छापताच. पण हापूस ज्याला परवडत नाही त्याला पायरी कधी उतरली, रायवळ कुठे मिळतो, हे कळायला हवं. रसाला पायरी आणि चोखून खायला रायवळ, यात मला तरी काही कमी वाटत नाही. कोकणचा आंबा संपता संपता जून उजाडतो तेव्हा जुन्नरकडचा हापूस येतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. आणि मुख्य म्हणजे रानमेवा. पालघर-डहाणूकडून, तिकडे शहापूर-कसाऱ्याकडून आदिवासी बाया पहाटेच्या लोकलने करवंदं, जांभळं, जाम, ताडगोळे घेऊन येतात आणि दादरला स्टेशनबाहेर पाटी मांडून बसतात. त्यांचा माल दुपारी ऊन चढलं की मऊ पडतो. लोकांना आज करवंदं आली आहेत हे सकाळीच कळलं तर त्यांची पाटी दहा वाजेपर्यंत रिकामी होईल आणि त्या वेळेत परतीची गाडी धरतील. चैत्रात सुरंगीच्या फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे, विकायला बसणाऱ्या बायांचंही तेच. सुरंगीचा हंगाम थोडा असतो. आमच्या सौभाग्यवतींना वर्षातून एकदा सुरंगी मिळाली की तो दिवस घरात सणाचा असतो, आणि ती कधी आली हे आम्हाला दरवर्षी शेजारणीकडून, बहुतेक वेळा संपल्यावर कळतं.

तिसरी ओळ समुद्राची. भरती-ओहोटीच्या वेळा तुम्ही देताच, फक्त त्यांचं काय करायचं हे लोकांना ठाऊक नसतं. कोळीवाड्यातल्या जुन्या माणसांना छापील वेळ लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. त्यावरून सहा तास पुढे-मागे ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी सगळ्यात जास्त मागे जातं. उन्हाळ्यात फिरायला सोयीच्या नेमक्या याच दोन वेळा. हाजी अलीच्या, गिरगावच्या, कार्टर रोडच्या खडकांवर तेव्हा डबक्या-डबक्यांतून जीव दिसतात: खेकडे, शंखातले हर्मिट खेकडे, समुद्रफुलं, नशीब असेल तर एखादा लहानसा ऑक्टोपस. मरीन लाइफ ऑफ मुंबई ही मंडळी २०१७ पासून ओहोटीच्या वेळी लोकांना किनाऱ्यावर नेऊन हे जीव दाखवते. आम्ही नातीला घेऊन अशाच एका फेरीला गेलो होतो. सांगणारी मुलं तरुण होती, प्रत्येक दगड उचलला की पुन्हा होता तसाच ठेवत होती, आणि आमच्यातल्या लहानग्यांनाही तसंच करायला लावत होती. समुद्राकाठी आयुष्य गेलं तरी ते मला आधी कोणी दाखवलं नव्हतं. "आज संध्याकाळी सहाला मोठी ओहोटी, खडकाळ किनारा पाहायला चांगला दिवस" एवढं छापायला किती जागा लागते? शेवाळावर पाय घसरतो आणि पाणी वळलं की लगेच मागे फिरायचं, हेही त्याच ओळीत छापा.

चौथी ओळ जाण्याच्या ठिकाणाची. इथे नेहमीची नावं देऊन भागणार नाही. मलबार हिलवर मार्च २०२५ मध्ये झाडीतून जाणारा ४८५ मीटरचा लाकडी उन्नत मार्ग सुरू झाला, त्याचं तिकीट २५ रुपये आहे आणि ते आधी ऑनलाइन काढावं लागतं. ज्याला हे ठाऊक नाही तो सहकुटुंब कमला नेहरू पार्कपर्यंत चढून जातो आणि म्हातारीचा बूट बघून परत येतो. म्हातारीचा बूट मुलांना आवडतोच, पण शेजारी झाडांच्या शेंड्यांतून चालायची वाट आहे हे त्यांना कळायला हवं. आणिक आगारात बेस्टचं संग्रहालय आहे, तिथे ट्रामच्या काळापासूनच्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. आमची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली. मुलांना ती केवळ गोष्टीतली वाटते, तिथे तिच्या खुणा बघता येतात. भाऊच्या धक्क्यावरून उरणजवळच्या मोऱ्याला जाणारी लाँच आहे. पलीकडे उतरून चहा प्यायचा आणि पुढच्या लाँचने परत यायचं, एवढ्यावर लहान मुलाचा अख्खा आठवडा बोलण्यात जातो.

आणि एक दिवस असा आहे की ज्याला बसचं तिकीटही लागत नाही. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामध्ये राहणाऱ्या माणसांना वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर मिळतो. मुंबईत तो दिवस १५ मेच्या आसपास येतो, दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास. दुसरा जुलैच्या अखेरीस येतो, पण तेव्हा ढग असतात. महाराष्ट्रात हा दिवस दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जातो: सावंतवाडीकडे मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्याला १३-१४ मेला, नागपूरला मेच्या शेवटच्या आठवड्यात. पंचांगकर्ते दा. कृ. सोमण दरवर्षी या तारखा सांगतात आणि तुम्ही त्या छापताही. पण ती बातमी एक दिवस येते आणि निघून जाते. आमच्या इमारतीच्या गच्चीवर आम्ही गेल्या काही वर्षांपासून हा कार्यक्रम करतो. प्रत्येक मुलाने घरून एक सरळ उभी राहणारी वस्तू आणायची. कोणी पाण्याची बाटली आणतं, कोणी तांब्या, कोणी वरवंटा, तर एकाने आपल्या आजोबांची काठी आणली. बारा वाजता सावली पश्चिमेला बोटभर असते. ती आत आत येते आणि मग वस्तू उभी आहे पण सावली कुठेच नाही. दोन मिनिटं गच्चीवर कोणी बोलत नाही आणि मग एकच गलका होतो. पृथ्वीचा अक्ष कललेला आहे हे वर्गात शिकवताना बाईंना किती कष्ट पडतात ते मी नातीच्या वह्यांवरून पाहिलं आहे. गच्चीवर ते पाच मिनिटांत कळतं. डोक्यावर टोपी, पायात चपला, आधी पाणी, आणि पाच मिनिटं झाली की सगळे खाली. खाली गॅलरीत पन्ह्याचे पेले तयार असतात, ते खातं सौभाग्यवतींकडे आहे.

कोणी म्हणेल, उष्णतेची लाट असताना हे आनंदाचं काय घेऊन बसलात. हा आक्षेप मला गंभीर वाटतो. किनारपट्टीवर ३७ अंश गाठले आणि तापमान सरासरीच्या साडेचार अंश वर गेलं की हवामान खातं उष्णतेची लाट धरतं, कारण दमट हवेत घाम सुकत नाही आणि शरीर निवत नाही. डोक्याला रुमाल बांधून दुपारी दोन वाजता मी तिकिटं फाडली आहेत. पत्र्याच्या छताखाली उभं राहणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. दुपारी दारोदार सामान पोचवणारी पोरं, रस्ता खणणारे मजूर, चौकातले वाहतूक पोलीस यांच्यासाठी सावली आणि पाणी हा पहिला प्रश्न आहे, आणि त्यावर तुम्ही जितकं छापाल तितकं थोडं. माझ्या चार ओळी त्याच्या जागी नकोत, त्याच्या खाली हव्यात. आणि त्यांचा सावलीशी थेट संबंध आहे. ज्या झाडाचं नाव माणसाला ठाऊक आहे, जे दर एप्रिलमध्ये तो बघायला जातो, ते झाड तोडायला कोणी आलं तर तो विचारायला पुढे येतो. अनोळखी झाडासाठी सहसा कोणी येत नाही.

याच संदर्भात एक तक्रारही नोंदवतो. पावसाळ्यापूर्वीची फांद्यांची छाटणी गरजेची आहे. वादळात फांदी पडून माणसं दगावतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण आमच्या भागात ही छाटणी नेमकी एप्रिल-मेमध्ये, ऐन बहरात होते. दोन वर्षांपूर्वी रस्त्याकडेचा एक भरलेला बहावा छाटणीच्या लोकांनी एका सकाळी अर्ध्यावर उतरवला. पिवळ्या घोसांसकट फांद्या ट्रकमध्ये भरल्या गेल्या. काम करणाऱ्या मजुरांनाही वाईट वाटत होतं, त्यांच्यातल्या एकाने दोन घोस काढून शेजारच्या दुकानातल्या देवाला वाहिले. सुकलेल्या आणि धोकादायक फांद्या कधीही कापाव्यात. फुलणाऱ्या झाडांची बाकीची छाटणी मात्र हिवाळ्यात, बहर यायच्या आधी उरकता येणार नाही का? तामणाची फुलं नव्या फुटीच्या टोकाला येतात. एप्रिलमध्ये ती टोकं छाटली की त्या झाडाचा त्या वर्षीचा उन्हाळा संपला. "अमुक ठिकाणी बहावा फुलला आहे" असं तुमच्या अंकात छापून आलं असतं, तर त्या सकाळी करवत चालवण्याआधी कोणीतरी दोनदा विचार केला असता, असं मला मनापासून वाटतं.

ही माहिती तुम्हाला कोण पुरवणार, हा प्रश्न तुमच्या मनात येईल. वाचक पुरवतील. मुंबईत पहाटेपासून रस्त्यावर असणारी माणसं किती आहेत बघा: पोस्टमन, दूधवाले, तुमचाच पेपर टाकणारी मुलं, शाळेच्या बसचे चालक, रात्रपाळी करून केईएममधून घरी जाणाऱ्या परिचारिका, सकाळी फिरायला जाणारे माझ्यासारखे निवृत्त लोक. प्रत्येकाच्या वाटेवर एखादं झाड असतंच. एक व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक द्या, त्यावर जागा आणि फोटो येईल. झाडाचं नाव बरोबर आहे की नाही हे तपासायला शहरातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना विनंती करा, मला वाटत नाही कोणी नाही म्हणेल. दोन गोष्टींची काळजी मात्र घ्यावी. झाड रस्त्यावरचं किंवा सार्वजनिक बागेतलंच असावं, कोणाच्या खाजगी आवारातलं नको, नाहीतर बिचाऱ्या रखवालदाराला त्रास. आणि पक्ष्यांच्या घरट्यांची जागा कधीही छापू नये. तांबट पक्षी दुपारभर टुक टुक करत असतो, तो कुठल्या फांदीत राहतो हे ज्याचं त्याने शोधावं.

नमुना म्हणून मेच्या तिसऱ्या आठवड्यातली एका दिवसाची चौकट खाली लिहून देतो. भाषा तुमच्या उपसंपादकांनी हवी तशी सुधारून घ्यावी.

फूल: शिवाजी पार्कच्या कठड्यालगत पर्जन्यवृक्षांचा बहर शेवटच्या टप्प्यात; राणीबागेत तामण बघण्यासारखा.
फळ: दादर स्टेशनबाहेर करवंदं आणि ताडगोळे, सकाळी दहापर्यंत.
समुद्र: अमावास्या जवळ, संध्याकाळी सहाला मोठी ओहोटी, खडकांवर जाताना पायात पकड असलेली चप्पल हवी.
फेरी: राणीबाग उद्या बुधवारी बंद, आजच जाऊन या.

यंदाचा चैत्र लागायच्या आधी आपण ठरवलंत, तर परळ ते भायखळा या पट्ट्यातली झाडांची खबर दर सोमवारी मी स्वतः पाठवीन. नात फोटो काढेल, तिने तसं कबूल केलं आहे. शीव-माटुंग्याकडच्या आणि गिरगावच्या वाचकांनी आपापला भाग उचलावा, अशी या पत्राद्वारे त्यांनाही विनंती करतो.

आपला नियमित वाचक,
बेस्टमधील निवृत्त वाहक,
परळ, मुंबई १२